झाडं उभी, रोपं गायब

विदर्भातल्या पानगळीच्या जंगलात पावसाळा सरताना नजर वर ठेवून चाललं, तर सगळं जिथल्या तिथे दिसतं. ऐन आहे, धावडा आहे, मोह, तेंदू, बिजा, चारोळी आहे. रान हिरवंगार आहे आणि काही बिघडलंय असं सांगूनही पटणार नाही. नजर गुडघ्यापर्यंत खाली आणली की मात्र हिशेब बदलतो. तिथे धावड्याची बोटभर रोपं, मोहाची दोन पावसाळे पाहिलेली पोरं, तेंदूचे फुटवे असायला हवेत. त्यांच्याऐवजी एकाच झुडपाची काटेरी जाळी मैलभर पसरलेली असते. पश्चिम महाराष्ट्रात तिला घाणेरी किंवा टणटणी म्हणतात, विदर्भात रायमुनिया. गावात म्हातारीकोतारी माणसं ठणठणीत असावीत, पण अंगणवाडीच्या पटावर एकही नाव नसावं, तशी या रानाची गत असते.

परदेशी आक्रमक वनस्पतींबद्दल बोलताना आपण सहसा कत्तलीची भाषा वापरतो. अमुक गवताने तमुक झाडं ‘मारली’, असं म्हणतो. प्रत्यक्षात साठ फुटी ऐनाचं घाणेरी काहीच वाकडं करत नाही. त्या ऐनाचं बी जिथे रुजायचं, ती जागा ती अडवून बसते. मोठी झाडं आपलं आयुष्य पुरं करतात, म्हणून वीस-तीस वर्षं काही घडलंय हे कळतच नाही. कळतं तेव्हा एक अख्खी पिढी गाळलेली असते. हे नुकसान नेमकं कसं होतं आणि ते भरून काढायचं तर हात कुठे घालायचा, हे या प्रकरणात पाहू.

परकं ते सगळं वाईट नव्हे

आधी एक गैरसमज बाजूला करायला हवा. बाहेरून आलेली प्रत्येक वनस्पती उपद्रवी असती, तर आपल्या ताटात फारसं काही उरलं नसतं. मिरची, बटाटा, टोमॅटो, भुईमूग, पेरू, पपई, सीताफळ, काजू ही सगळी मंडळी मूळची अमेरिका खंडातली. यांतली बहुतेक शेताच्या बांधाआत किंवा परसात गुण्यागोविंदाने राहतात.

परक्या वनस्पतीला आक्रमक होण्यासाठी अनेक उंबरे ओलांडावे लागतात. नव्या मुलखात पोचायचं, तिथल्या उन्हा-पावसात तगायचं, माणसाच्या मदतीशिवाय बी धरायचं, ते बी लांब पसरवायचं आणि शेवटी तिथल्या झाडोऱ्याला हुसकावून जागा घ्यायची. प्रत्येक उंबऱ्यावर बरेच जण गळतात. जैवविविधतेवरच्या आंतरसरकारी मंचाने, म्हणजे आयपीबीईएसने, २०२३ साली जगभरच्या आक्रमक प्रजातींचा आढावा प्रसिद्ध केला. त्यानुसार मूळ ठिकाणाहून हललेल्या वनस्पतींपैकी उपद्रवी ठरलेल्या शंभरात सहाच. पण या सहांचा प्रताप असा, की उरलेल्या चौऱ्याण्णवांचं नाव कोणी काढत नाही. घाणेरी, रानमोडी, जलपर्णी आणि सुबाभूळ ही आपल्या परिचयाची चारही नावं जगातल्या शंभर सर्वांत उपद्रवी आक्रमक प्रजातींच्या यादीत आहेत.

परक्या वनस्पतींतली कोणती केव्हा उसळेल, हे आधी सांगता येत नाही. गाजर गवताचंच घ्या. १९५५ साली पुण्यात एका उकिरड्याच्या जागी प्रा. परांजपे यांना हे रोप दिसलं आणि पुढच्या वर्षी आर. एस. राव यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात त्याची नोंद छापली. ‘पीएल-४८०’ योजनेतल्या अमेरिकन गव्हाबरोबर ते आलं, असं सगळे सांगतात. लोकांनी त्याला काँग्रेस गवत म्हणायला सुरुवात केली तीही त्याच काळात. मात्र त्या योजनेखालचा भारताचा करार १९५६ सालचा, म्हणजे रोप दिसलं त्यानंतरचा. अमेरिकन धान्य १९५१ सालीही आलं होतं आणि या वनस्पतीच्या भारतातल्या तुरळक नोंदी तर एकोणिसाव्या शतकातल्याही आहेत. एवढं खरं, की बराच काळ ते कुठे कुठे कोपऱ्यात होतं आणि १९५५ नंतरच्या काही दशकांत ते देशभर झालं. रस्ते, रेल्वे, बांधकामं, पडीक शेतं जशी वाढली, तसं ते त्यांच्या कडेकडेने निघालं. एक झाड पंधरा ते पंचवीस हजार बिया टाकतं आणि उगवल्यापासून महिनाभरात फुलावर येतं. अशा वनस्पतीला फक्त मोकळी माती लागते.

जाळीच्या आत

घाणेरीच्या झुडपाजवळ बसून तिची एक फांदी नीट पाहावी. खोड चौकोनी, कडांवर मागे वळलेले काटे. पानं खरखरीत, चुरगळली की उग्र दर्प येतो. फुलांचा गुच्छ दुरंगी दिसतो, पण ती दोन जातींची फुलं नाहीत. गुच्छातलं नुकतं उमललेलं फूल पिवळं असतं. परागीभवन झालं की त्याचा रंग बदलून गुलाबी होतो. मध संपलेलं फूल गुच्छात राहून लांबून दिसण्याचं काम करतं आणि जवळ आलेलं फुलपाखरू नेमकं पिवळ्या फुलावर बसतं. फुलाखाली आधी हिरवी, मग काळीभोर होणारी बारीक फळं. बुलबुल, मैना ती आवडीने खातात आणि झाडावर बसून खाली बी टाकतात. म्हणून रानात घाणेरीची नवी रोपं अनेकदा एखाद्या मोठ्या झाडाभोवती कड्यासारखी उगवलेली सापडतात.

हे झुडूप मूळचं मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं, पण आपल्याकडे आलं ते थेट तिथल्या रानातून नव्हे. सतराव्या शतकात ते युरोपात पोचलं. तिथल्या बागवानांनी काचघरांत संकर करून करून त्याचे शेकडो शोभिवंत वाण काढले. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ते कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात कुंपणासाठी लावलं गेलं. म्हणजे आज मेळघाटात फोफावणारी घाणेरी ही माणसाने निवडून, मिसळून घडवलेली आहे. पुढे तिच्यावर उपाय शोधताना ही गोष्ट महाग पडली.

आता जाळीच्या आत डोकावू. दुपारीही तिथे अंधारं असतं. एकात एक गुंतलेल्या फांद्यांनी जमिनीपासून डोक्यापर्यंतचा सगळा प्रकाश अडवलेला असतो. पानगळीच्या जंगलात मोठी झाडं विरळ असतात आणि उन्हाळ्यात पानं गाळतात, त्यामुळे जमिनीवर भरपूर ऊन येतं. ऐन, धावडा, साग, आवळा यांच्या रोपांना हेच ऊन लागतं. सदाहरित रानातल्या रोपांसारखी ती वर्षानुवर्षं सावलीत तग धरत नाहीत. घाणेरीने हे ऊन मधल्यामध्ये अडवलं, की बी रुजतं, दोन पानं येतात आणि रोप वर्षभरात मरतं. बनारस हिंदू विद्यापीठातल्या शर्मा आणि रघुवंशी या संशोधकांनी विंध्याच्या कोरड्या जंगलात कमी-अधिक घाणेरीच्या जागा तपासल्या. जिथे तिचं आच्छादन वाढत गेलं, तिथे झाडांच्या प्रजातीही कमी होत गेल्या आणि रोपंही. मातीतही फरक दिसला. घाणेरीचा पालापाचोळा लवकर कुजतो आणि मातीतलं नायट्रोजनचं चक्र वेगवान करतो. माती कसदार झाली, मग बिघडलं काय, असं वाटेल. बिघडतं ते असं, की आपल्या कोरड्या रानातला झाडोरा हलक्या, निकस मातीत निगुतीने जगायला सरावलेला आहे. वाढलेल्या कसाचा फायदा त्याच्यापेक्षा भराभर वाढणाऱ्या तणालाच जास्त होतो.

यात गुरांची भर पडते. घाणेरीच्या पाल्यात यकृतावर घाव घालणारी विषारी द्रव्यं असतात. गुरं ती सहसा टाळतात. नाइलाजाने खाल्ली तर आजारी पडतात, त्यांची कातडी उन्हाने सोलवटते. मग चरायला उरलेलं गवत आणि देशी रोपं यांवर दुप्पट तोंडं पडतात. गुरं जेवढी चरतील तेवढं घाणेरीचं फावतं. चितळ, सांबर, गवा यांच्या बाबतीतही हेच. वाघाच्या जंगलात गवताळ पट्टे आक्रसले, की आधी हरणं हलतात.

हे किती मोठ्या प्रमाणावर झालंय? निनाद मुंगी, कमर कुरेशी आणि यादवेंद्रदेव झाला या भारतीय वन्यजीव संस्थेच्या अभ्यासकांनी २०२० साली दिलेला अंदाज असा, की देशातल्या दीड लाख चौरस किलोमीटरहून अधिक वनक्षेत्रात घाणेरी शिरलेली आहे. महाराष्ट्राचं एकूण क्षेत्रफळ तीन लाख चौरस किलोमीटरच्या थोडं वर आहे. म्हणजे जवळपास अर्ध्या महाराष्ट्राएवढं जंगल.

मातीत पेरलेला रोग

सावली धरणं हा डोळ्यांना दिसणारा मार्ग. काही आक्रमक वनस्पतींचं काम मातीखाली चालतं.

कोकणात आणि घाटमाथ्यावर वाटेच्या दुतर्फा, तोडलेल्या रानात, पडीक वरकस जमिनीवर रानमोडी माजलेली असते. तीही अमेरिकेच्या उष्ण भागातली आणि तिचीही भारतातली सुरुवात कोलकात्याच्या उद्यानातून झाली. हिवाळ्यात पांढुरक्या-जांभळट फुलांनी डोंगर झाकतो, मग बारीक केसाळ बिया वाऱ्यावर सुटतात. तिच्या पाल्यात तेलकट द्रव्यं असल्याने वाळली की भराभर पेटते. आग गेल्यावर बुंध्यातून पुन्हा फुटते. देशी रोपांना अशी दुसरी संधी क्वचितच मिळते.

पश्चिम घाटात हिच्या मुळांभोवतालची माती घेऊन मांगला, इंदरजित आणि रॅगन कॅलवे यांनी एक प्रयोग केला. तो २००८ साली प्रसिद्ध झाला. आसपासच्याच देशी झाडांखालच्या मातीशी तुलना केली, तेव्हा रानमोडीखालच्या मातीत फ्युजेरियम या रोगकारक बुरशीचे बीजाणू पंचवीसपटींहून जास्त निघाले. ही बुरशी परदेशी नाही, इथलीच आहे. रानमोडीच्या मुळांतून पाझरणाऱ्या द्रव्यांवर ती पोसली जाते, पण रानमोडीला तिचा फारसा त्रास होत नाही. त्याच मातीत काटेरी बांबूचं बी लावलं तर मात्र त्याची वाढ खुंटते. थोडक्यात, रानमोडी आपल्याच मातीतला रोग पाळते आणि शेजाऱ्यांवर सोडते. ती उपटल्यावरही त्या जागी देशी झाडं लगेच का धरत नाहीत, याचं एक उत्तर इथे मिळतं. तण गेलं तरी त्याने बदललेली माती मागे राहते.

गाजर गवताची तऱ्हा आणखी वेगळी. त्याच्या सर्वांगात पार्थेनिन नावाचं कडू द्रव्य असतं. माणसाच्या कातडीला खाज, चट्टे आणतं ते हेच. पावसाने पानांतून, कुजण्यातून ते मातीत उतरतं आणि आसपासच्या बियांचं रुजणं रोखतं. बेंगळुरूच्या संशोधकांनी १९८०च्या सुमारास दाखवून दिलं, की त्याचे परागकणही निरुपद्रवी नाहीत. वाऱ्याने उडून ते दुसऱ्या झाडांच्या फुलांवर पडतात, कुक्षीवर साचतात आणि फळधारणा कमी करतात. या अर्थाने गाजर गवताची झळ त्याच्या सावलीपलीकडे, शेजारच्या शेतातल्या फुलापर्यंत जाते.

अमेरिकेत, जिथे या वनस्पती मूळच्या आहेत, तिथे त्यांचं असं राज्य का नाही? एक उत्तर असं, की तिथल्या शेजाऱ्यांना या रसायनांची हजारो वर्षांची सवय आहे. आपल्याकडच्या झाडोऱ्याला ती नवी आहेत. कॅलवे यांनी या कल्पनेला ‘नवी शस्त्रं’ असं नाव दिलं. दुसरं उत्तर अधिक सरळ आहे.

वैरी तिकडेच राहिले

मूळ मुलखात प्रत्येक वनस्पतीला खाणारे किडे, पोखरणाऱ्या अळ्या, तांबेरा, बुरशी असे शेकडो वैरी असतात. बी जहाजातून निघतं तेव्हा हे वैरी मागे राहतात. नव्या जागी आलेली वनस्पती संरक्षणावरचा खर्च वाचवून वाढीवर आणि बियांवर लावते. तिच्या शेजारची देशी झाडं मात्र आपापले सगळे किडे अंगावर घेऊन जगत असतात. ही स्पर्धा बरोबरीची नसते.

मग तो मागे राहिलेला वैरी बोलावून आणला तर? हा उपाय भारतात शंभर वर्षांपूर्वीपासून करून पाहिला जातोय. १९४१ साली घाणेरीचा रस शोषणारा एक ढेकूणवर्गीय किडा ऑस्ट्रेलियातून डेहराडूनला आणला. विलगीकरणात तपासताना तो सागाच्या फुलांवरही जगतो असं दिसलं, तेव्हा सगळे किडे नष्ट करायचं ठरलं. तरी काही निसटलेच आणि पुढे ते बाहेर सापडले. सुदैवाने सागाचं मोठं नुकसान झालं नाही. घाणेरीचंही झालं नाही. काचघरांत घडलेल्या इतक्या वाणांच्या मिश्रणाला मूळ रानातल्या एका जातीवर वाढलेला किडा पुरा पडत नाही.

गाजर गवताच्या बाबतीत यश थोडं बरं आलं. मेक्सिकोतून आणलेला एक पट्टेदार भुंगेरा १९८४ साली बेंगळुरूजवळ सोडला. पावसाळ्यात त्याच्या अळ्या गाजर गवताची पानं अक्षरशः चाळणी करतात. काही वर्षांनी तो सूर्यफुलाच्या शेतात दिसल्यावर मोठी ओरड झाली. शोध घेतल्यावर कळलं, की सूर्यफुलाच्या पानांवर उडून पडलेल्या गाजर गवताच्या परागामुळे तो तिथे तोंड लावत होता. आज हा भुंगेरा देशाच्या बऱ्याच भागांत स्थिरावला आहे. पण उन्हाळ्यात तो मातीत झोपी जातो आणि गवत मात्र जिथे ओल मिळेल तिथे उगवतच राहतं. भुंगेऱ्याने गवताचा जोर ओसरतो, ते जात नाही.

दार कुणी उघडलं?

इथवर वाचून सगळा दोष परक्या झाडांच्या माथी मारावासा वाटेल. ते पुरतं खरं नाही. दाट, शाबूत सदाहरित रानाच्या पोटात घाणेरी सहसा घुसत नाही, कारण तिला तिथे प्रकाशच मिळत नाही. ती शिरते तिथे आधी झाडं तोडलेली असतात, रस्ता काढलेला असतो, अति चराई झालेली असते किंवा वर्षाआड आग लागत असते.

आगीचा प्रश्न तर वाटतो तितका सरळ नाही. कर्नाटकातल्या बिळिगिरी रंगनाथस्वामी डोंगररांगेत सोलिगा आदिवासी राहतात. उन्हाळ्याच्या सुरुवातीला, पाचोळा फार साचलेला नसताना, ते पूर्वी रानात बारीक आग लावत. ती जमिनीलगत सरकायची, घाणेरीची कोवळी रोपं जाळायची आणि मोठ्या झाडांना धक्का न लावता विझायची. १९७४ साली तिथे अभयारण्य झालं आणि आगीवर बंदी आली. सोलिगांचं म्हणणं असं, की घाणेरी माजली ती त्यानंतर. त्याच डोंगरांत १९९७ आणि २००८ साली एकाच पद्धतीने मोजणी झाली. मधल्या अकरा वर्षांत घाणेरी दुप्पट ठिकाणी पसरली होती आणि तिची दाटी चौपट झाली होती. जिथे ती दाटली तिथे देशी झाडाझुडपांचं वैविध्य घटलेलं आढळलं. आता तिथे पुन्हा आग लावून भागणार नाही, कारण पुरुषभर उंच घाणेरी पेटली तर ज्वाळा शेंड्यापर्यंत चढतात. घाणेरी बोटभर असताना जी आग कामाची होती, तीच आता घात करील.

कधी कधी तर दार आपणच सताड उघडतो, तेही चांगल्या हेतूने. पुण्याच्या टेकड्या उघड्याबोडक्या दिसतात म्हणून गेल्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांवर गिरिपुष्प म्हणजे उंदीरमारी लावली. मध्य अमेरिकेतलं हे झाड नुसती फांदी खोचली तरी जगतं, गुरं त्याच्या वाटेला जात नाहीत आणि दोन-चार वर्षांत डोंगर हिरवा होतो. पण या टेकड्या मुळात ओसाड नव्हत्या. त्या गवताळ आणि झुडपी माळ होत्या. पवना, कुसळी, मारवेल ही गवतं, मधूनमधून सालई, मेडशिंगी, हेंकळ, पांढरफळी, आणि पहिल्या पावसानंतर कंदातून वर येणाऱ्या खरचुडीसारख्या नाजूक वनस्पती. या सगळ्यांना उघडं ऊन आणि हलकी माती लागते. गिरिपुष्पाच्या एकसुरी दाटीखाली त्यांतलं फारच थोडं उरतं. घाणेरीसारखं ते स्वतःहून धावत सुटत नाही. इथे पसरवण्याचं काम माणसाने केलं.

याच टेकड्यांवर आणि सह्याद्रीच्या पायथ्याशी नवं संकट येतंय ते फुलांच्या रूपात. मेक्सिकोतलं केशरी-पिवळं कॉसमॉस लोकांनी बागेत लावलं, रस्त्याच्या कडेला हौसेने त्याचं बी टाकलं. भाद्रपद-आश्विनात सोनकीने डोंगर पिवळे होतात, तेव्हाच हेही फुलतं आणि लांबून दोन्ही एकच वाटतात. जवळ गेलं की फरक लपत नाही. सोनकी फार तर गुडघाभर, तिची पानं अखंड, कडेला दाते, फुलाच्या पाकळ्या अरुंद आणि निव्वळ पिवळ्या. कॉसमॉस छातीपर्यंत येतं, पानं झेंडूसारखी चिरलेली, पाकळ्या रुंद, टोकाशी दातेरी, रंगात केशरी झाक. त्याचं बी लांबट, चोचीसारखं, टोकाला आकडे. पँटीला चिकटून ते ट्रेकरबरोबर गडावर जातं. सोनकीबरोबर गवत वाढतं, कवला वाढतो, तेरडा वाढतो. छातीभर उंचीच्या कॉसमॉसखाली मात्र या बुटक्या मंडळींना ऊन राहत नाही. समाजमाध्यमांवर ‘फुलांचा गालिचा’ म्हणून फिरणाऱ्या काही छायाचित्रांत प्रत्यक्षात एकाच परक्या वनस्पतीचं शेत असतं.

नाहीशी होतात, म्हणजे काय होतं?

आक्रमक वनस्पतींमुळे किती देशी वनस्पती कायमच्या नामशेष झाल्या, असं विचारलं तर उत्तर अनपेक्षित आहे: मुख्य भूमीवर फारच थोड्या. बेटांवर बाहेरून आलेल्या उंदीर-मांजरांनी पक्षी संपवले, तशी उदाहरणं वनस्पतींच्या आपसांतल्या स्पर्धेत कमी सापडतात. यावरून काही अभ्यासक म्हणतात, की धोका फुगवून सांगितला जातोय.

पण झाडाचा काळ माणसाच्या काळाहून लांब असतो. दोनशे वर्षं जगणाऱ्या झाडाला तीस वर्षं नवं रोप मिळालं नाही, तर यादीत त्याचं नाव कायम राहतं आणि भवितव्य मात्र ठरून गेलेलं असतं. परिसंस्थाशास्त्रात याला नामशेषतेचं कर्ज म्हणतात. वसुली उशिरा होते, म्हणून कर्ज नाही असं होत नाही. त्याआधीच बरंच काही हरवतं. एका वाफ्यात तीस जातींची झुडपं-गवतं असायची, तिथे आठ उरतात. वर्षाच्या बारा महिन्यांत कुठलं ना कुठलं फूल-फळ मिळायचं, तिथे एकाच्याच हंगामावर सगळे अवलंबून राहतात. चारोळी, आवळा, मोह वेचणाऱ्या माणसांना तर हा फरक यादीतून नाव जाण्याच्या कितीतरी आधी टोपलीत दिसतो.

उलट बाजूही नोंदवली पाहिजे. घाणेरीच्या फुलांवर फुलपाखरं जगतात, फळांवर पक्षी जगतात, जाळीत रानडुकरं दडतात, वाघीण पिल्लं लपवते. दक्षिणेत सोलिगांसह काही समाज तिच्या फांद्यांचं फर्निचर आणि टोपल्या करतात. म्हणजे ती आता तिथल्या जीवनात गुंतलेली आहे. एका फटक्यात सगळी उपटली, तर या सगळ्यांचा आसराही एका फटक्यात जातो.

उपटल्यानंतरचं काम

घाणेरी नुसती छाटली की बुंध्यातून दुपटीने फुटते. जाळली तरी फुटते. दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर एक साधा, अंगमेहनतीचा मार्ग काढला आणि कॉर्बेटसारख्या जंगलांत तो यशस्वी करून दाखवला. खोड जिथे मुळाला मिळतं ती जागा मातीखाली दोन-तीन बोटांवर असते. नवे फुटवे येतात ते तिथूनच. कुदळीचा घाव नेमका त्याच्या खाली घालून मुख्य मूळ तोडायचं, अख्खं झुडूप उचलायचं आणि पाय आभाळाकडे करून ठेवायचं. फांदी ओल्या मातीला टेकली तर तिला मुळं फुटतात, म्हणून ही उलथापालथ. हे सगळं फळ धरण्याआधी करायचं. मग पुढची दोन-तीन वर्षं पक्षी बसतात त्या झाडांखाली फिरून नवी रोपं उपटायची.

याच्या पुढची पायरी बहुतेक ठिकाणी गाळली जाते. काढलेली जागा रिकामी ठेवली, की पहिल्याच पावसात तिथे दुसरं कोणीतरी हजर होतं: घाणेरीच्या जागी रानमोडी, रानमोडीच्या जागी गाजर गवत, विदर्भात रानतुळस. म्हणून बाबूंच्या पद्धतीत उपटण्याइतकंच महत्त्व त्या जागी लगेच देशी गवतं पेरण्याला आहे. महाराष्ट्रात याचं उदाहरण मेळघाटात पाहायला मिळतं. बोरी, कोहा, कुंड अशा पुनर्वसन झालेल्या गावांच्या मोकळ्या शेतजमिनींवर तण माजायला वेळ लागला नसता. गवततज्ज्ञ डॉ. गजानन मुरतकर यांच्यासारख्या जाणकारांनी वनकर्मचाऱ्यांना गवतं ओळखायला शिकवलं. देशी गवताचं बी गोळा करायचं, ते पेरायचं आणि नको असलेलं तण फुलण्याआधी काढायचं, असं काम पावसाळ्यामागून पावसाळे चाललं. गवताने जमीन धरली की परक्या बियांना रुजायला फट सापडत नाही.

सगळीकडचं सगळं तण काढणं कुणालाच शक्य नाही. मग क्रम लावावा लागतो. जिथे आक्रमण नुकतं सुरू झालंय आणि आसपास देशी झाडोरा शाबूत आहे, तिथे आधी जायचं. दहा झुडपं आज काढणं हे दहा हजार झुडपं उद्या काढण्यापेक्षा केव्हाही स्वस्त. कातळाचे सडे, देवराया, वाघांच्या जंगलातली कुरणं यांच्या कडा राखायच्या. जिथे घाणेरीशिवाय काहीच उरलेलं नाही, तिथे पट्ट्यापट्ट्याने, आसरा न तोडता काम करायचं. आणि बागेतल्या कॉसमॉसचं बी डोंगरावर टाकायचं नाही, एवढं तर कुणालाही जमतं.

अडचण वेळेच्या हिशेबाची आहे. सरकारी कामाचा जमाखर्च ३१ मार्चला मिटतो, म्हणून अहवालात आकडा येतो तो ‘इतक्या हेक्टरवरची घाणेरी काढली’ हा. तो आकडा कामाच्या सुरुवातीचा आहे. खरा आकडा तीन पावसाळ्यांनंतर मिळतो: त्याच हेक्टरात धावड्याची, ऐनाची, मोहाची किती रोपं गुडघ्यापर्यंत आली? तो मोजायला कुणी परत जाणार असेल आणि त्या फेरीचे पैसे आधीच बाजूला काढून ठेवलेले असतील, तरच पहिल्या वर्षी कुदळ उचलण्यात अर्थ आहे.